पूल उभा आहे, मग त्याचं बिल कोर्टात का?

सरकारी ठेकेदाराबद्दल आपल्याकडे कोणी चांगलं बोलत नाही. पहिल्याच पावसात उखडलेले रस्ते सगळ्यांनी पाहिलेत, त्यामुळे तो राग मला समजतो. गोसीखुर्द धरणाच्या निविदांची लाचलुचपत विभागाने चौकशी केली, ती व्हायलाच हवी होती. पण यवतमाळ जिल्ह्यात वकिली करताना दुसरी बाजूही माझ्या टेबलावर येते. नीट काम केलेल्या लहान ठेकेदाराला सरकार आपल्याच करारात अडकवून ठेवतं आणि ते मला मान्य नाही.

एक प्रकरण सांगतो. नाल्यावरचा छोटा पूल. अंदाजपत्रकात धरलेल्या खोलीपर्यंत खोदलं तरी खाली काळी मातीच. साइटवर आलेले साहेब म्हणाले, "अजून खाली जा, एक्स्ट्रा आयटममध्ये बसवू." ठेकेदार कडक मुरूम लागेपर्यंत गेला, काँक्रीट वाढलं. एमबीत, म्हणजे कामाची मापं लिहायच्या सरकारी वहीत, जादा मापं चढली, पण पेन्सिलीने. मग साहेबांची बदली झाली. नवे साहेब लेखी मंजुरी मागतात. पुलावरून बैलबंड्या जातात, एसटी जाते, कापसाच्या गाड्या जातात आणि बिल मात्र "विचाराधीन" आहे.

हा ठेकेदार पोरगा स्वतः इंजिनिअर, सुशिक्षित बेरोजगार म्हणून नोंदणी करून काम घेतलेला. मला म्हणाला, "वकीलसाहेब, सिमेंटवाल्याले कोन्तं कलम सांगू मी?"

कलम आहे. करार कायदा 1872 चं कलम 70 सांगतं की फुकट करायचं म्हणून न केलेल्या कामाचा फायदा घेतला, तर त्याची भरपाई द्यावी लागते. अडचण आहे ती हे मागायचं कुठे याची. आपल्याकडच्या बी-1 करारात (सरकारी कामांचा ठरलेला छापील करार) 30 वं कलम असतं: अधीक्षक अभियंत्याचा निर्णय अंतिम. ज्या खात्याशी भांडण, त्याच खात्याचा अधिकारी निवाडा करणार! अनेकांना हाच लवाद, म्हणजे कोर्टाबाहेर तटस्थ पंचाने केलेला निवाडा, वाटतो. कर्नाटकातल्या अशाच एका कलमाबद्दल सुप्रीम कोर्टाने 2013 मध्ये स्पष्ट केलं की असं कलम म्हणजे लवादाचा करार नाही. म्हणजे उरला दिवाणी दावा. आधी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 80 ची सरकारला 2 महिन्यांची नोटीस, मग कोर्ट फी, मग तारखा. नागपूर खंडपीठात रिट करता येते, पण रक्कम खात्याला मान्य असेल तरच तिथे काही हाती लागायची आशा. मापांवरच वाद असेल तर बहुधा दिवाणी कोर्टाकडेच बोट दाखवलं जातं.

मोठ्या करारांत लवाद असतो. तिथेही सरकारने एकतर्फी लवाद नेमणं समानतेच्या तत्त्वाविरुद्ध आहे, असं घटनापीठाने नोव्हेंबर 2024 मध्ये सांगितलं. पण निवाडा ठेकेदाराच्या बाजूने लागला तरी लवाद कायद्याच्या कलम 34 खाली कोर्टात आव्हान, मग 37 खाली अपील ठरलेलंच.

खातं इतकं का भांडतं? पैसे द्यायची सही केली तर चौकशीची भीती आणि अपील केलं तर कोणी विचारत नाही. शेवटी व्याजासकट रक्कम जाते ती आपल्याच तिजोरीतून, आणि तोवर ती सही टाळणारा अधिकारी निवृत्त झालेला असतो. त्याला दोष देऊन भागणार नाही, व्यवस्थाच तशी आहे. म्हणून मान्य झालेली बिलं आधी द्या आणि मगच नवीन निविदा काढा. वादाच्या मापांसाठी जिल्ह्यात खात्याबाहेरचा तज्ज्ञ नेमा, त्याला मुदत घालून द्या. पैसे बुडालेला ठेकेदार पुढच्या टेंडरकडे फिरकत नाही, आणि मग गावातली पाण्याची टाकी अर्धवट राहते ती राहतेच.

ठेकेदार मित्रांनो, तोंडी आदेश मिळाला तर त्याच दिवशी पत्र द्या आणि आवक शिक्का घ्या. काम पूर्ण झाल्यापासून साधारण 3 वर्षांत दावा लावावा लागतो. तुमच्या स्मरणपत्रांनी ही मुदत वाढत नाही. मुदत संपण्याआधी खात्याने थकबाकी लेखी कबूल केली, तर ती नव्याने मोजली जाते. ज्यांच्या कामाला दोन वर्षं उलटली, त्यांनी या आठवड्यातच एमबीची प्रत माहिती अधिकारात मागा आणि कागद घेऊन वकिलाला भेटा.