‘धान्यविरहित’ श्वानखाद्याविषयी खुलासा

‘धान्यविरहित श्वानखाद्य कुत्र्याला सर्वांत उत्तम आणि फेरेटलाही (मुंगसासारखा दिसणारा लहान पाळीव प्राणी) चालते, कारण दोघेही मांसाहारी’ असा संदेश प्राणीपालकांमध्ये फिरत आहे. तो चुकीचा आहे. गहू-तांदूळ वगळले म्हणजे त्या जागी मांसच आले, असे होत नाही. पाकीट उलटून घटकांची यादी वाचली, तर मांसापाठोपाठ बहुधा वाटाणा, मसूर, बटाटा हीच नावे दिसतात. माणसाच्या सहवासात कुत्र्याला पिष्टमय पदार्थ पचवण्याची क्षमता आलेली असल्याने शिजलेले धान्य त्याला सहसा बाधत नाही. उलट, अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने जुलै २०१८ मध्ये कडधान्यप्रधान खाद्य आणि कुत्र्यांमधील हृदयविकार यांच्या संभाव्य संबंधाची चौकशी जाहीर केली होती. तो संबंध सिद्ध झालेला नाही, हेही सांगितलेच पाहिजे.

खरी काळजी वाटते ती फेरेटची. त्याचे आतडे आखूड असते, अन्न तीन-चार तासांतच बाहेर पडते, आणि वनस्पतिजन्य प्रथिनांवर पोसल्यास त्याला मूतखड्याचा धोका संभवतो. म्हणून त्याला फेरेटसाठीचेच खाद्य द्यावे, ज्यात सुमारे ३५ टक्के प्रथिने, तीही मुख्यतः प्राणिज, आणि १५ ते २० टक्के स्निग्धांश असावा. ते न मिळाल्यास मांजराच्या पिल्लांचे मांसप्रधान खाद्य चालेल, श्वानखाद्य नव्हे.