सर्टिफिकेट आहे म्हणजे सही खरी, हे कुणी सांगितलं?

परवापासून आमच्या फॅमिली ग्रुपवर एक फॉरवर्ड फिरतोय, 'सेलिब्रिटीची सही असलेली गिटार, सोन्याहून पक्की गुंतवणूक'. त्यात म्हणे सर्टिफिकेट आणि होलोग्राम असेल तर डोळे झाकून घ्या, सही नेटवरच्या सहीशी तंतोतंत जुळली की खात्रीच समजा, सही करतानाचा फोटो असेल तर प्रश्नच मिटला, आणि किंमत दरवर्षी वाढतेच. एरवी मी असलं काही उघडूनही बघत नाही, पण धाकट्या मावसभावाने ते वाचलं आणि बाईकसाठी साठवलेले पैसे बीटल्स बँडच्या जॉन लेननच्या सहीच्या गिटारला अॅडव्हान्स म्हणून द्यायला निघाला, म्हणून लिहायला बसलोय.

आधी सर्टिफिकेट, कारण माणसं फसतात ती तिथेच. अहो तो कागद आहे, छापता येतो! होलोग्रामचे स्टिकरही कुणीही बनवून घेऊ शकतं. अमेरिकेत एफबीआयने ऑपरेशन बुलपेन नावाची मोठी कारवाई केली, 1999 मध्ये धाडी पडल्या, खोट्या सह्यांचा ढीगच्या ढीग सापडला, आणि हा माल सर्टिफिकेटसकट विकला जात होता. त्यात मदर तेरेसांची सही असलेला बेसबॉलसुद्धा होता. मदर तेरेसा आणि बेसबॉल, जरा विचार करा.

बरं, ती चोरांची टोळी होती म्हणून सोडून द्या. 2022 मध्ये अमेरिकन गायक बॉब डिलनच्या पुस्तकाच्या सही केलेल्या प्रती 599 डॉलरला विकल्या, सोबत प्रकाशकाचं पत्र की सही अस्सल आहे. घेणाऱ्यांनी आपापल्या प्रतींचे फोटो शेजारी शेजारी ठेवून बघितले तर सह्या मशीनने केलेल्या निघाल्या. प्रकाशकाने पैसे परत केले, डिलनने स्वतः माफी मागितली. म्हणजे इतक्या मोठ्या प्रकाशकाचं पत्र खोटं ठरतं तिथे कुठल्यातरी दुकानाच्या लॅमिनेट केलेल्या कागदाचं काय घेऊन बसलात?

आणि त्यातच 'तंतोतंत जुळते' हा मुद्दाही निकालात निघाला. तंतोतंत जुळली तर उलट जास्त संशय घ्यायचा. आपली स्वतःची चेकवरची सही दोनदा सारखी येते का?

फोटोचं म्हणणं अर्धं बरोबर आहे, तेवढं मान्य करतो. पण फोटोतली गिटार हीच कशावरून? बरेच जण नुसता पिकगार्ड, म्हणजे तारांखालची ती प्लास्टिकची प्लेट, सही करून घेतात आणि मग स्क्रूने कुठल्याही गिटारवर बसवतात. त्यात गैर काही नाही, पण मग किंमत त्या प्लेटची धरा. खरी पडताळणी कशी होते ते बघायचं तर लेननचीच गिब्सन जे-160ई घ्या. 1963 च्या शेवटाला हरवलेली गिटार, काही दशकांनी सापडली, तेव्हा सिरीयल नंबर आणि लाकडाच्या रेषा जुन्या फोटोंशी ताडून बघितल्या, कारण त्या रेषा दोन लाकडांत सारख्या नसतात. 2015 मध्ये ती 24 लाख डॉलरला गेली, आणि ती काही सहीच्या जोरावर नाही.

किंमत दरवर्षी वाढते हे तर कुणीतरी मनानेच ठोकून दिलंय. मार्करची सही उन्हाने फिकी पडते, वाजवायला घेतली तर हाताने घासून जाते.

आता भावाची गिटार. विकणाऱ्याने पाठवलेला फोटो मी झूम केला, हेडस्टॉकवर, म्हणजे गिटारच्या वरच्या टोकाला, स्वच्छ 'स्क्वायर' लिहिलंय. फेंडर या गिटार कंपनीने स्क्वायर नावाच्या गिटारी बाजारात आणल्या 1982 मध्ये. लेननचा खून झाला 8 डिसेंबर 1980 ला. त्याने सही कधी केली मग? हे बघायला दोन मिनिटं लागली मला.

अॅडव्हान्स थांबवलाय. ज्यांनी फॉरवर्ड टाकलाय त्यांनी तो आजच डिलीट करा, कारण त्याच ग्रुपवर मामा आहेत आणि त्यांची ग्रॅच्युइटी मागच्याच महिन्यात आलीय.