व्हर्जन बघत बसू नका, अपडेट मारा

बायॉस, म्हणजे कॉम्प्युटर चालू करताच सगळ्यांत आधी जागा होणारा मदरबोर्डावरच्या चिपमधला प्रोग्राम, अपडेट करायचं मनावर घेतलंत, उत्तम. कॉम्प्युटर नीट चालतोय, तक्रार काही नाही, म्हणजे मुहूर्त हाच. पथ्य एकच: सध्या मशीनमध्ये कोणतं व्हर्जन आहे ते चुकूनही बघू नका. बघितलंत तर कदाचित कळेल की नवं म्हणतात ते आधीपासूनच बसलेलं आहे, आणि अख्खा रविवार मोकळा पडेल. इंदूरच्या छप्पन दुकानला जाऊन पोहे-जलेबी झालेली, जेवणाला अजून वेळ. माणसाने करायचं तरी काय?

तसं ते काम पोरासोरांचं आहे. विंडोजची कळ आणि आर एकत्र दाबा, 'एमएसइन्फो३२' असं इंग्रजीत लिहा, एंटर मारा. समोर लांबलचक यादी येते आणि तिच्यात 'बायॉस व्हर्जन/डेट' नावाची ओळ असते. बनवणाऱ्याचं नाव, व्हर्जन, तारीख, सगळं तिथेच. इतकं सरळ हाती लागलं तर आपली हुशारी दाखवायची कुठे? म्हणून नजर एक ओळ खाली घसरू द्या. तिथे 'एसएमबायॉस व्हर्जन' आहे, ३.३ की काहीतरी. ते बायॉसचं व्हर्जन नसतं, मशीनची माहिती कोणत्या नमुन्यात मांडायची त्या नियमावलीचं असतं. पण तुम्ही तेच वहीत टिपून घ्या. आणखी खाली 'एम्बेडेड कंट्रोलर व्हर्जन' दिसेल, आणि बऱ्याच डेस्कटॉपवर त्याच्यापुढे २५५.२५५. म्हणजे त्या रकान्यात भरायला काही नव्हतं, एवढंच. पण आकडा बघा केवढा भारदस्त! साडूच्या मशीनचा इतका येतो का विचारा.

कुणी जाणता माणूस कमांड प्रॉम्प्टच्या काळ्या खिडकीत 'डब्ल्यूएमआयसी'ची कमांड टाकायला सांगेल. ही कमांड मायक्रोसॉफ्टने मोडीत काढायला घेतली आहे, त्यामुळे नव्या विंडोज ११वर ती 'ओळखीची नाही' असं उत्तर येण्याचा संभव दांडगा. ते आलं की व्हायरस शिरला म्हणून घरभर जाहीर करा. त्याच खिडकीत 'सिस्टिमइन्फो' एवढा एक शब्द लिहिला तरी बायॉसची ओळ मिळते, ही गोष्ट मात्र आपल्यातच ठेवा.

आता मदरबोर्ड कोणता, हा प्रश्न. मघाच्या लांबलचक यादीत 'बेसबोर्ड प्रॉडक्ट' पुढे नाव असतं. पण नाव एकच आणि बोर्डाच्या आवृत्त्या दोन, असंही असतं, 'रेव्ह १.०' किंवा 'रेव्ह २.०' असं बोर्डाच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत छापलेलं असतं आणि दोघांची बायॉसची फाइल वेगळी असू शकते. ते वाचायला कॅबिनेट उघडावं लागेल. त्याच्यावर आत्याने विणलेला रुमाल, रुमालावर गणपती, गणपतीपुढे वीजबिलं. कशाला हलवायचं ते सगळं? शिवाय आपलं इंदूर २०१७मध्ये स्वच्छतेत देशात पहिलं आलं, ते नंतरही वर्षानुवर्षं जागा सोडायला तयार नव्हतं. सर्वेक्षणवाले कॅबिनेट उघडून बघत नाहीत, हे शहराचं नशीब. तुम्हीही उघडू नका. नाव साधारण जुळलं की फाइल उतरवा.

कंपनीच्या साइटवर फाइलींच्या यादीत एफ९, एफ१०, एफ१०ए असलं काही दिसेल. आकड्यामागे बारीक अक्षर लागलं की काही कंपन्यांकडे ते बीटा असतं, म्हणजे अजून चाचणीतलं. आपण त्याला ताजा माल समजायचं. प्रत्येकाखाली चार ओळींची टीपही असते: आधी अमुक व्हर्जन टाका, मगच हे, हे टाकल्यावर मागे जाता येणार नाही. ही टीप वाचलीत तर आधीचं व्हर्जन माहीत असणं भाग पडतं, आणि आपलं पथ्य मोडतं. एएमडी कंपनीच्या प्रोसेसरांसाठीच्या एएम४ बोर्डांचं उदाहरण घ्या. कित्येकांवर बायॉसची चिप १६ एमबीची. नवे प्रोसेसर आले, जागा पुरेना, तेव्हा काही कंपन्यांनी नव्या बायॉसमधून जुन्या प्रोसेसरांना चक्क नारळ दिला. ज्यांनी टीप वाचली नाही त्यांचा पडदा काळा. पण नवंच व्हर्जन होतं हो, त्याबद्दल कुणाला बोट ठेवता येणार नाही.

वेळ निवडावी आषाढातली, संध्याकाळची. आभाळ भरून आलेलं, सुदामा नगरात लाईट एकदा येऊन-जाऊन सलामी देऊन गेलेली. यूपीएस बाजूला काढून ठेवा, बीप फार करतो. लॅपटॉप असेल तर तो आधी चार्जर लावा म्हणून हटून बसेल. तिथे तुमचं काही चालायचं नाही, चरफडत लावा. डेस्कटॉप बिचारा असा हट्ट करत नाही. पडद्यावर टक्के सरकतात, 'बंद करू नका' असं लिहिलेलं असतं. चाळिसाच्या आसपास घरात कुणीतरी इस्त्री लावेल आणि लाईट जाईल. सीआयएच व्हायरसने २६ एप्रिल १९९९ला कित्येक मशीनच्या बायॉस चिपवर कचरा लिहून ती मुकी करून टाकली होती. तो लिहायला तैवानमधला एक विद्यार्थी लागला होता. तुम्ही व्हायरसविना, घरच्या घरी करून दाखवलंत.

मग सिल्व्हर मॉल, इंदूरचा कॉम्प्युटरचा बाजार. काउंटरवरचा मुलगा आधी विचारेल, "पहले कौन सा वर्जन था भिया?" तुम्ही छाती काढून सांगा, "लेटेस्ट डाला था." तो बोर्डाकडे बघेल, मग तुमच्याकडे. काही बोर्डांवर मागच्या बाजूला बायॉस फ्लॅशबॅकचं बटण असतं. पेनड्राइव्ह लावून, ते दाबून मेलेलं बायॉस पुन्हा भरता येतं. तुमच्या बोर्डावर ते नसेल. मग चिपला प्रोग्रामर नावाच्या यंत्राचा चिमटा लावून नव्याने लिहायचं, किंवा बोर्डच बदलायचा. दोन्हीचे पैसे घासाघीस न करता द्या.

आणि सगळं सुरळीत पार पडलं तर हिरमुसू नका. बायॉस बदललं की बिटलॉकरला, म्हणजे डिस्कला कुलूप घालणाऱ्या विंडोजच्या राखणदाराला, घरात परका शिरल्यासारखं वाटू शकतं आणि तो ४८ अंकी रिकव्हरी की, म्हणजे किल्ली, मागतो. अपडेटच्या आधी त्याला तात्पुरतं थांबवता येतं, पण तेवढं कोण करतो! ती किल्ली मिळेल मायक्रोसॉफ्टच्या खात्यात, आणि खातं आहे पुण्याच्या भाच्याच्या नावावर, कारण लॅपटॉप त्यानेच सुरू करून दिला होता. त्याला फोन लावा. तो सहा-सहा अंकांचे आठ गट वाचून दाखवेल. तुम्ही मोठ्याने म्हणत लिहून घ्या, आणि मागून वहिनींना शेव-जीरावनाची यादी सांगू द्या. तीनशे ग्रॅमचा तीन किल्लीत गेला तर पुन्हा फोन लावा. भाचा मीटिंगमध्ये गेलेला असेल.