युट्रेक्टचा काठ आणि आपली मुठा

भाची एप्रिलमध्ये येतेय. कामासाठी फ्रँकफर्टला, आणि तिथून शुक्रवार ते रविवार माझ्याकडे, नेदरलँड्समधल्या युट्रेक्टला. तिला तिन्ही दिवस ॲमस्टरडॅममध्ये काढायचे होते. मी म्हटलं, एक दिवस जरूर जा, ट्रेनने अर्धा तासही लागत नाही. ॲन फ्रँकच्या घराचं तिकीट मात्र आधीच काढून ठेव. ती तिकिटं फक्त ऑनलाइन मिळतात, दर मंगळवारी सहा आठवडे पुढची निघतात आणि बघता बघता संपतात. उरलेला वेळ माझ्या गावात घालव. कालवे इथेही आहेत, आणि त्यांच्या काठी निवांत बसता येतं.

हे चालू असतानाच भाऊजींनी, म्हणजे तिच्या बाबांनी, घरच्या ग्रुपवर इथल्या आउडेग्राख्त कालव्याचा फोटो टाकला. दगडी काठ, पाण्याला लागून टेबलं, वर झाडं. खाली लिहिलं, ‘आपल्या मुठेचं असंच होणार आहे.’ पुण्यात नदीकाठ सुधारणेवरून घराघरांत दोन तट पडलेत. मुळा, मुठा आणि मुळा-मुठा मिळून ४४ किलोमीटरचा हा प्रकल्प, २०२२ मध्ये पंतप्रधानांच्या हस्ते त्याचं भूमिपूजन झालं. काही म्हणतात, अखेर शहर नदीकडे तोंड करून बसेल. काही म्हणतात, मैलापाणी तसंच, झाडं चाललीत आणि पात्र आवळलं जातंय.

भाऊजींची तळमळ मला कळते. भिडे पुलावरून जाताना नाकाला रुमाल लावतच आम्ही मोठे झालो. संध्याकाळी नदीकाठी चार घटका बसावं असं पुणेकराला वाटणं अगदी रास्त आहे. पण त्या फोटोत जे दिसत नाही, ते मी इथे रोज बघते.

आउडेग्राख्तला रस्ता वर आणि धक्का खाली, पाण्याच्या अगदी जवळ. धक्क्यावर तळघरांची दारं उघडतात. ही तळघरं रस्त्याच्या पोटातून थेट वरच्या घरांपर्यंत गेलेली. मध्ययुगात व्यापारी नावेतून उतरवलेला माल सरळ आत घेत. आज त्यांत खानावळी आहेत. धक्क्याच्या कडेला बसलं की बदकं पायाशी येतात. पाण्यापासून एवढ्या जवळ टेबल मांडता येतं, कारण हे पाणी दारं घालून राखलेलं आहे. पावसाळा असो की उन्हाळा, पातळीत फारसा फरक पडत नाही.

मुठा म्हणजे कालवा नव्हे. खडकवासला धरणातून विसर्ग वाढला की ती दोन्ही काठ मागते. जुलै २०२४ मध्ये सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत घरांत पाणी शिरलं, ते भाऊजींनीच मला व्हिडिओ कॉलवर दाखवलं होतं. कालव्याचा काठ नदीला घालून कसं चालेल?

आणि खऱ्या नद्यांचं डच लोक काय करतात, तेही सांगायला हवं. १९९३ आणि १९९५ मध्ये इथे मोठे पूर आले, दुसऱ्या वेळी सुमारे अडीच लाख लोकांना घरं सोडावी लागली. त्यानंतर या देशाने नद्यांना जागा परत द्यायचं ठरवलं. नायमेखनला वाल नदीचा बांध ३५० मीटर मागे नेला, त्यासाठी वस्तीतली घरं पाडली. बांधबंदिस्तीत ज्यांचा हात कोणी धरणार नाही, ते नदीपुढे मागे सरले. युरोपचा दाखला द्यायचाच असेल तर हा द्या.

भाचीला शुक्रवारी संध्याकाळी मी स्टेशनमागून आधी काथारायनेसिंगलला नेणार आहे. जुन्या शहराभोवतीचा हा खंदक. सत्तरच्या दशकात त्याचा एक भाग बुजवून मोटाररस्ता केला होता, आपल्याकडे नदीपात्रातून रस्ता काढला तसाच. २००२ मध्ये नागरिकांनी कौल दिला: रस्ता काढा, पाणी परत आणा. त्याला अठरा वर्षं लागली, सप्टेंबर २०२० मध्ये खंदक पुन्हा सलग झाला. आता होडीतून जुन्या शहराला पूर्ण फेरी मारता येते. शनिवारी सकाळी यान्सकेर्कहोफचा फुलबाजार, मग छोटी होडी भाड्याने घेऊन ती फेरी, असा बेत आहे. दोम मनोऱ्याच्या ४६५ पायऱ्या ती चढेल, मी खाली थांबेन.

काठाला माझा विरोध नाही. पण पुण्यातल्या जायका (जपानी कर्जातून चाललेल्या) प्रकल्पातली ११ मैलापाणी शुद्धीकरण केंद्रं पूर्ण क्षमतेने चालेपर्यंत, आणि नाल्यांतून थेट नदीत येणारी घाण थांबेपर्यंत, काठावर एक दगडही लावू नये असं माझं ठाम मत आहे. वास येणाऱ्या पाण्याशेजारी कितीही सुंदर बाक टाकला तरी त्यावर कोण बसेल?

रविवारी सकाळी वेअर्डस्लाउसवर जाऊ. शहराच्या उत्तरेला कालव्याचं हे दार. वसंतात मासे अंडी घालायला वरच्या अंगाला निघतात आणि बंद दारापाशी अडकतात. म्हणून २०२१ पासून पाण्याखाली कॅमेरा लावलाय. कोणीही घरबसल्या बघावं, मासा दिसला की बेल दाबावी, मग दार उघडतात. गेल्या वर्षी मी पंधरा मिनिटं नुसतं हिरवट पाणी बघत होते. मग कोपऱ्यातून पट्टेरी अंगाचा, तांबूस परांचा एक मासा आला आणि कॅमेऱ्यासमोर स्थिर उभा राहिला. मी बेल दाबली. भाऊजींना लिंक पाठवून ठेवलीय. रविवारी आम्ही दारापाशी उभ्या असू, ते पुण्यातून बघतील.