तिसरी तार आणि पिकअपची उंची: आपल्या अभिप्रायाला दुकानाचे उत्तर

सप्रेम नमस्कार.

आपला अभिप्राय वाचला. सहा तारांच्या वाद्यावर काम करणाऱ्याला एकच तारा मिळावा याचे थोडे वाईट वाटले, तरी आपण मुद्दे नेमके मांडले आहेत. सहाशे रुपये घेऊन आम्ही केवळ चार स्क्रू फिरवले, गिटारचा आवाज पूर्वीपेक्षा कमी झाला आणि ज्या तक्रारीसाठी आपण कोल्हापुरात राजारामपुरीपर्यंत आलात ती, म्हणजे तिसरी तार इतरांपेक्षा मोठी वाजण्याची, तशीच राहिली, असे आपले म्हणणे आहे. यातील पहिल्या दोन गोष्टी आम्हांला दोष म्हणून मान्य नाहीत. तिसऱ्या बाबतीत चूक आमची आहे.

आवाज कमी झाला हे खरे आहे आणि तो आम्ही जाणूनबुजून कमी केला. आपली गिटार स्ट्रॅटोकास्टर या फेंडर कंपनीच्या इलेक्ट्रिक गिटारच्या घडणीची आहे. तारांखाली बसून त्यांचे कंपन टिपणारे आणि ते ॲम्पकडे (ध्वनिवर्धकाकडे) पाठवणारे तीन सिंगल-कॉइल, म्हणजे एकेका गुंडाळीचे, पिकअप तिच्यात आहेत. ती आमच्याकडे आली तेव्हा तिन्ही पिकअप जवळजवळ तारांना टेकतील इतके वर चढवलेले होते. पिकअप जवळ आणला की आवाज वाढतो हे बरोबर आहे, परंतु या पिकअपमधील खांब स्वतःच चुंबक असल्यामुळे ते फार जवळ आले की तारेलाच ओढू लागतात. मग जाड तारांवर बाराव्या फ्रेटच्या (मानेवरील आडव्या पट्टीच्या) पुढे एकाच सुरात दोन सूर लहरत असल्यासारखे ऐकू येते, सूर मोजणाऱ्या ट्यूनरचा काटा स्थिर राहत नाही आणि नाद लवकर विझतो. ‘गिटार सुरात बसत नाही’ ही आपली दुसरी तक्रार यातूनच आलेली होती, आणि ती आता राहिलेली नाही, हे अभिप्रायात आले असते तर बरे झाले असते. कमी झालेला आवाज ॲम्पचे बटण थोडे पुढे नेऊन परत मिळतो. चुंबकाने दाबून धरलेला नाद मात्र कोणत्याही बटणाने मोकळा होत नाही.

स्क्रूंविषयी सांगायचे, तर ते चार नव्हे, प्रत्येक पिकअपला दोन असे सहा असतात. शेवटच्या फ्रेटवर तार दाबून धरून तिच्या खालच्या कडेपासून चुंबकाच्या माथ्यापर्यंतचे अंतर मोजावे लागते. जुन्या धाटणीच्या पिकअपसाठी फेंडर कंपनी जाड तारेकडे सुमारे २.४ मिमी आणि बारीक तारेकडे सुमारे २ मिमी अंतर सुचवते. आम्ही तेथून सुरुवात केली, पण हा आकडा केवळ आरंभाचा असतो. नेकजवळ (गिटारच्या मानेकडे) तार अधिक रुंद झुलते, त्यामुळे तिन्ही पिकअप एकाच उंचीवर ठेवले तर नेकचा आवाज दणदणीत आणि घुमा येतो, तर ब्रिजचा (तारा खालच्या टोकाला टेकतात तेथला) बारीक आणि टोचरा. म्हणून नेकचा पिकअप खाली घ्यायचा, ब्रिजचा वर आणायचा, आणि पाव-पाव फेरा फिरवत, प्रत्येक वेळी तार सुरात आणून, पिकअप निवडण्याचा स्विच बदलताना आवाजाला झटका बसेनासा होईपर्यंत ऐकत राहायचे. शेजारच्या मिरजेत तंबोऱ्याची जवारी काढणाऱ्याला, म्हणजे घोडी घासून तारांचा नाद जुळवणाऱ्याला, ‘नुसते घासलेत’ असे कोणी म्हणत नाही.

आता तिसरी तार. स्ट्रॅटोकास्टर १९५४ साली बाजारात आली तेव्हा तिसरी तार वेटोळ्याची (वर बारीक तार गुंडाळलेली) वापरली जाई आणि तिचा आवाज कमी पडू नये म्हणून तिच्याखालचा चुंबक उंच ठेवला गेला. आज आपण बहुतेक जण तेथे साधी पोलादी तार लावतो, जी मुळातच जोरात बोलते, आणि आपल्या पिकअपमध्ये चुंबकांची ती जुनी चढउतार कायम आहे. बाजूचे स्क्रू अख्खा पिकअप वर-खाली करतात किंवा एका बाजूला कलवतात. त्याने पहिल्या आणि सहाव्या तारेचा मेळ बसतो, मधल्या एका तारेचा नाही. चुंबक ठोकून खाली बसवता येतो असे सांगणारे भेटतात, पण अशा पिकअपमध्ये केसाएवढी बारीक तांब्याची तार थेट चुंबकांवर गुंडाळलेली असते. ती तुटली की पिकअप मुका होतो. ती जोखीम आम्ही आपल्या वाद्यावर घेतली नाही आणि पुढेही घेणार नाही. पिकअप खाली घेतल्याने हा फरक कमी होतो, नाहीसा होत नाही. आवाजासाठी तो पुन्हा वर चढवलात, तर तिसरी तार पुन्हा डोके वर काढील.

हे सारे आपणांस पैसे घेण्यापूर्वी सांगायला हवे होते. ते सांगितले नाही, उलट पावतीवर ‘सर्व तारांचा आवाज समतोल केला’ असे लिहून दिले; त्याबद्दल मी आपली मनापासून माफी मागतो. पावतीतील निम्मी रक्कम आम्ही परत करू. एकसारख्या उंचीच्या चुंबकांचे पिकअप बसवायचे ठरवल्यास आपण फक्त पिकअपची किंमत द्यावी, बसवण्याची मजुरी घेणार नाही.

तत्पूर्वी एकदा गिटार घेऊन यावे, आणि शक्य असल्यास आपण कार्यक्रमात वापरता तो आवाज बदलणारा पेडलही आणावा, कारण आम्ही चाचणी साध्या आवाजावर आणि लहान खोलीत केली होती. पावसाळ्यानंतर नेकचा बाक थोडा बदललेला असू शकतो, तोही आधी पाहून घेऊ आणि मगच उंची मोजू. सोमवारी दुकान बंद असते. इतर दिवशी दुपारी चारनंतर मी स्वतः कामाच्या बाकावर असतो.