फाइल फुगली म्हणून फोटो सुधारत नाही : एका प्रतिक्रियेला उत्तर

जेपीजी आणि पीएनजी हे चित्र साठवायच्या फाइलींचे दोन प्रकार. जेपीजीचा पीएनजी केल्यावर फाइल का फुगते, या माझ्या लेखावर परवा रात्री एक निनावी प्रतिक्रिया आली. ती अशी : "चार एमबीची फाइल वीस एमबी झाली म्हणजे त्यात जास्तीची माहिती आली, हे शेंबड्या पोरालाही कळेल. ३६ एमबीचा हिशेब चुकलाय. पीएनजीचा जेपीजी केल्यावरही कधीकधी फाइल वाढते, त्याचा लेखात पत्ता नाही. टायपिंगवाल्यांनी तंत्रज्ञान शिकवू नये."

आधी शेवटचं वाक्य. हो, मी टायपिंग करतो. १९९७ पासून गिरगावात डीटीपी, म्हणजे संगणकावर छपाईची पानं जुळवायचं काम, करतोय आणि त्यावरच माझं घर चाललं. १.४४ एमबीच्या फ्लॉपीत मावत नाही म्हणून एकेका फाइलचे तुकडे करून, भर पावसात शर्टाच्या आत प्लॅस्टिकच्या पिशवीत धरून फोर्टला छपाईची फिल्म काढायला नेले आहेत. तिथे शेवटची फ्लॉपी वाचलीच नाही की पुन्हा चालत गिरगाव. फाइल का वाढते, हे मला पायांनी शिकवलंय. तुम्ही कोण, काय करता, हे तुम्ही लिहिलेलं नाही.

हिशेबाचं मान्य. फोटो अजिबात न आवळता ठेवला तर किती जागा घेईल, याचा तो हिशेब होता : ४००० × ३००० म्हणजे १ कोटी २० लाख पिक्सेल (चित्राचे ठिपके), प्रत्येकी ३ बाइट, म्हणून मी ३६ एमबी लिहिलं. १०२४ च्या पटीत मोजलं तर ते ३४.३ होतात आणि विंडोज तसंच दाखवतं. लेखात दुरुस्ती केली आहे. मात्र हे तुम्हाला चांगल्या शब्दांत सांगता आलं असतं.

आता "जास्तीची माहिती आली" हे वाक्य. मला खरा राग याचा आहे, कारण याच समजुतीपायी गिऱ्हाइकांचे पैसे जातात.

जेपीजी हे १९९२ चं मानक, मुळात फोटोंसाठी. ते चित्राचे ८ × ८ पिक्सेलचे चौकोन पाडतं आणि डोळ्याला सहसा जाणवत नाहीत असे बारकावे प्रत्येक चौकोनातून टाकून देतं. टाकलं ते गेलं. पीएनजी आलं १९९६ मध्ये, जिफ या जुन्या चित्र-फाइलीला पर्याय म्हणून. त्याचा बाणा वेगळा : समोर आलेला एकही पिक्सेल बदलायचा नाही. शेजारच्या पिक्सेलवरून पुढच्याचा अंदाज बांधायचा, फरक तेवढा लिहायचा आणि मग झिप फाइलसारखं आवळायचं. सपाट रंगाच्या लोगोत फरक शून्यच शून्य, म्हणून फाइल इवलीशी. फोटोत मात्र आभाळाचा एक पिक्सेल शेजारच्यासारखा नसतो. भरीला, जेपीजीने कडांभोवती सोडलेले ठिपकेसुद्धा पीएनजी इमानाने जपतं. तुमच्या वीस एमबीत तीही घाण आहे.

अंधुक शिक्क्याची झेरॉक्स महागड्या बाँड पेपरवर काढली तरी शिक्का अंधुकच येतो, हे काउंटरवर मी रोज सांगतो.

गेल्या वर्षी एक बाई वडिलांचा फोटो घेऊन आल्या. वर्षश्राद्धाला १२ × १८ इंची फ्रेम हवी होती. फॉरवर्ड होत होत आलेला, जेमतेम १८० केबीचा फोटो. कुणीतरी त्यांना पीएनजी करून दिला होता आणि "आता हाय क्वालिटी झाला" म्हणून सांगितलं होतं. मी स्क्रीनवर मोठा करून दाखवला. चष्म्याच्या काडीभोवती आणि मिशीत चौकोन स्पष्ट दिसत होते. फोटोच्या लांब बाजूचे १६०० पिक्सेल १८ इंचांत पसरले की इंचाला ८९ पडतात, छपाईला फारच कमी. बाई काही बोलल्या नाहीत, नुसत्या बघत राहिल्या. शेवटी घरून मूळ प्रिंट आणायला लावली, ती स्कॅन केली, तेव्हा काम झालं. त्यांच्यासमोर तुमचं शेंबड्या पोराचं वाक्य मला म्हणून दाखवता आलं नसतं.

पीएनजीचा जेपीजी करताना फाइल वाढते ती बहुधा रेषांच्या नाहीतर नुसत्या मजकुराच्या चित्रांची. माझा लेख फोटोंवर होता, त्यामुळे त्यात शिरत नाही.

तुमची प्रतिक्रिया मी काढलेली नाही, काढणारही नाही. तुमचाच एक जेपीजी फोटो घ्या, त्याचा पीएनजी करा आणि दोन्ही ८०० टक्के मोठे करून विजेच्या तारेभोवती किंवा केसांच्या कडेला शेजारी शेजारी ठेवून बघा. पीएनजीत एक तरी ठिपका जास्तीचा सापडला तर लिहा. पण तेव्हा नाव घालून लिहा.