‘स्पूक्स’ म्हणजे हुबेहूब एमआय-फाइव्ह? छे!

ब्रिटिश हेरमालिकांचा विषय निघाला की एक मेसेज हमखास फिरतो: बीबीसीची ‘स्पूक्स’ (२००२–२०११) म्हणजे जवळपास माहितीपटच. अधिकारी दार फोडून अटक करतात, फोन तासाभरात टॅप होतो, चार-पाच जण मिळून लंडन वाचवतात; खऱ्या एमआय-फाइव्हमध्येही, म्हणजे ब्रिटनच्या देशांतर्गत गुप्तचर संस्थेतही, असंच चालतं म्हणे. (एमआय-फाइव्हचं मुख्यालय थेम्स हाउस म्हणून मालिकेत जी भव्य इमारत दिसते, तीसुद्धा खरी नाही. तो लंडनमधलाच फ्रीमेसन्स हॉल आहे, फ्रीमेसन संघटनेची इमारत.)

अटकेचं आधी उरकून घेऊ. एमआय-फाइव्हला अटकेचा अधिकारच नाही. माहिती त्यांची, बेड्या पोलिसांच्या.

फोन टॅपिंग मात्र गमतीचं प्रकरण आहे. वॉरंटच्या अर्जात कोणाचा फोन, कशासाठी, दुसऱ्या मार्गाने ही माहिती का मिळणार नाही, हे सगळं लिहून द्यावं लागतं. त्यावर मंत्र्यांची सही, आणि २०१६ च्या कायद्यानंतर न्यायिक आयुक्तांची (अशी वॉरंटं तपासणाऱ्या न्यायाधीशांची) मंजुरीही. तातडी असेल तर वॉरंट आधी निघतं. मग तीन कामकाजी दिवसांत आयुक्तांनी होकार द्यावा लागतो. म्हणजे ‘तासाभरात’ अगदीच अशक्य नाही, हे कबूल. पण खरी मेख पुढे आहे: असं टॅप केलेलं बोलणं ब्रिटनच्या फौजदारी खटल्यात सहसा पुरावा म्हणून चालत नाही. खोलीत लपवलेल्या मायक्रोफोनवरचं चालतं! त्यामुळे फोनवर सगळं कळूनही खटल्यासाठी पुरावा वेगळा उभा करावा लागतो.

तो कसा, ते २००४ च्या ऑपरेशन क्रेव्हिसमध्ये, म्हणजे बॉम्बस्फोटाचा कट उधळणाऱ्या कारवाईत, दिसतं. पश्चिम लंडनमधल्या हॅनवेलच्या भाड्याच्या गोदामात ६०० किलो अमोनियम नायट्रेट खत (यातून बॉम्ब बनवता येतो) पडून असल्याची खबर तिथल्याच कर्मचाऱ्यांनी दिली. खत गुपचूप बदलून निरुपद्रवी माल ठेवला, काउंटरवर रिसेप्शनिस्ट म्हणून महिला पोलिस बसवली, संशयितांच्या घरात-गाडीत मायक्रोफोन लावले. मग अटका, त्याही शेकडो पोलिसांनी.

आता ‘चार-पाच जण’. एका माणसावर चोवीस तास नजर ठेवायची तर पायी चालणारे, गाड्यांतले, बदली पाळीचे, ऐकून टिपणं काढणारे अशी माणसं मोजत बसावी लागतात. तोच चेहरा दोनदा दिसला तर पाळत फुटते, म्हणून माणसं सतत बदलायची. २००६ मध्ये तेव्हाच्या प्रमुख एलिझा मॅनिंगहॅम-बुलर यांनी जाहीर भाषणात सांगितलं होतं, की नजरेखाली सुमारे १,६०० जण आणि २०० गट आहेत. इतक्या सगळ्यांवर पाळत अशक्यच. कोणाला सोडायचं, हे ठरवण्यातच खरं काम जातं.

‘स्पूक्स’च्या पहिल्याच सीझनमध्ये एका कनिष्ठ अधिकारी मुलीचं डोकं उकळत्या तेलात बुडवणारा प्रसंग लोकांना अजून आठवतो. पण कोणाला सोडायचं, या निर्णयाची खरी किंमत पडद्याबाहेर दिसते: क्रेव्हिसच्या संशयितांना भेटताना मोहम्मद सिद्दिक खान २००४ मध्येच पाळतीच्या फोटोत आला होता. कामाच्या रेट्यात तो मागे ठेवला गेला. ७ जुलै २००५ च्या लंडन स्फोटांत ५२ जणांचा जीव घेणाऱ्यांचा तो म्होरक्या होता.